ताईंचा कायदा आणि आजीची पेटी

लोकांच्या कामी पडणाऱ्या स्त्रीला आपला समाज फार दिवस 'बाईसाहेब' म्हणून दूर ठेवीत नाही. तिच्याशी तो नाते जोडतो. मराठीत ती ताई होते, माई होते. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे आमचे मित्र तिला अक्का म्हणतील, अम्मा म्हणतील. बाराव्या शतकातली महादेवी आज आठशे वर्षांनंतरही कर्नाटकाची अक्काच आहे. हे नाते जोडणे गोड आहे, यात शंका नाही. पण त्यात एक धोकाही आहे. एकदा नाते जोडले की हिशेब विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटू लागते. मग पुण्यतिथीला साधेपणाच्या आणि प्रेमळपणाच्या चार आठवणी निघतात, हार घातला जातो, आणि त्या बाईने नेमके काय केले व काय करायचे राहिले, हा प्रश्न तसाच राहतो.

गोव्याच्या माजी मुख्यमंत्री श्रीमती शशिकला काकोडकर यांच्याविषयी लिहिताना मला हा धोका टाळायचा आहे. माझ्या डिचोली तालुक्यात त्यांचे नाव निघाले की म्हातारी माणसे एवढेच म्हणतात, "ताईंनी आमका घर दिले." या एका वाक्यात किती सत्य आहे आणि त्यात कोणाचे नाव घ्यायचे राहून जाते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजी पेडण्यात झाला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर हे त्यांचे वडील. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली, तेव्हा 'जय हिंद'ची घोषणा देणाऱ्या शाळकरी मुलांत अकरा वर्षांची शशिकलाही होती. पुढे पदवीच्या शिक्षणासाठी त्या धारवाडला कर्नाटक कॉलेजात आल्या. त्या काळी गोव्यात आजच्यासारखी कला-विज्ञान शाखांची महाविद्यालये नव्हती. ती मुक्तीनंतर, १९६२ साली निघाली. तोपर्यंत गोव्याच्या मुलामुलींना घाट चढून बेळगाव-धारवाडला तरी यावे लागे, नाहीतर मुंबई-पुणे गाठावे लागे. गोव्याच्या घडणीत आपल्या या भागाचा वाटा आहे तो असा. मराठी आणि कन्नड एकाच अंकात पाठीला पाठ लावून छापणाऱ्या आपल्यासारख्या नियतकालिकाने तो विसरू नये.

१९६७ साली त्या विधानसभेत आल्या, १९७२ साली डिचोलीतून निवडून येऊन राज्यमंत्री झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले आणि अडतीस वर्षांच्या या बाईंकडे गोवा, दमण व दीवचे मुख्यमंत्रिपद आले. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर त्या देशातल्या तिसऱ्या महिला मुख्यमंत्री. गोव्यात तर त्यांच्यानंतर आजपर्यंत दुसरी स्त्री त्या खुर्चीवर बसलेली नाही.

"बापाची गादी मिळाली, त्यात काय मोठे?" असे कोणी म्हणेल. म्हणणे अगदीच खोटे नाही. पण गादी मिळणे वेगळे आणि त्या गादीवर बसून आपल्याच थरातल्या जमीनमालकांना दुखावणारा कायदा करणे वेगळे. बांदोडकरांचे घर खाणमालकाचे होते. मुंडकारांच्या झोपडीतले ते नव्हते. म्हणून ताईंचे मोल वारशावरून ठरवू नये. त्या वारशाचा उपयोग त्यांनी कोणासाठी केला, यावरून ठरवावे, असे मला वाटते.

मुंडकार म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवे. गोव्यात नारळा-पोफळीच्या बागेला भाट म्हणतात आणि तिच्या मालकाला भाटकार. भाटकार एखाद्या गरीब कुटुंबाला आपल्या भाटात घर बांधून राहू देई. भिंती त्या कुटुंबाने उभारायच्या, छपर त्याने शाकारायचे. जमीन मात्र मालकाची. बदल्यात भाटाची राखण करायची, नारळ पाडायला माणसे लागली की जायचे, मालकाच्या घरी लग्नकार्य निघाले की घरच्या बायांनी पाणी भरायला जायचे. हे सगळे तोंडी असे. कागद नाही, पावती नाही. मालक चांगला तर दिवस चांगले. आणि मालकाची मर्जी फिरली की तीन पिढ्यांचे घर सोडून भांडीकुंडी डोक्यावर घ्यायची. कसणाऱ्या कुळाची गतही फारशी निराळी नव्हती. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती गेले, म्हणून त्यांना नव्या काबिजादीतले तालुके म्हणतात. राज्यकर्ते बदलले, पण जमिनीचा धनी आणि घाम गाळणारा यांच्यातले अंतर तेवढेच राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मुंडकाराचे अंगण मात्र त्या दिवशीही त्याचे झाले नाही.

१९६४ साली भाऊसाहेबांच्या सरकारने कूळ कायदा करून कसणाऱ्याला संरक्षण दिले. पण संरक्षण म्हणजे मालकी नव्हे. ताईंच्या सरकारने पुढची दोन पावले टाकली. १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यास बंदी करणारा कायदा झाला, तो पुढच्या वर्षी अमलात आला. त्यात घर आणि त्याभोवतालची जागा ठराविक किमतीला विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. आणि १९७६ साली कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली, तिने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा सभेत देणे सोपे असते. तिचे कलम करणे फार अवघड. जमीनमालकांनी न्यायालयात धाव घेतली. शेवटी १९८४ साली सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला.

इथवरचा इतिहास कोणत्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात न मिळणारा भाग माझ्या आजीचा आहे.

माझी आजी पेडणे तालुक्यातली माहेरवाशीण, लग्न होऊन डिचोलीत आली. सासर मुंडकाराचे. पदरात चार मुले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. पुढे मुलांच्या पाटीवर बोट फिरवून ती सही करायला शिकली. कायदा झाल्याचे पणजीहून गावात आले, तेव्हा आमच्या वाड्यावर आनंदापेक्षा भीतीच जास्त होती, असे ती सांगे. अर्ज केला तर मालक रागावेल, भाटातले काम बंद होईल, विहिरीवर येऊ देणार नाही, मुलीच्या लग्नाला उसने मिळणार नाही. पुरुषमाणसे पारावर बसून 'बघू, बघू' म्हणत. कारण रोज मालकासमोर उभे राहायचे ते त्यांनाच.

अशा वेळी वाड्यावरच्या पाच-सहा बाया एकत्र आल्या. त्यांत आजी पुढे. त्यांनी कसली संघटना काढली नाही, फलक लावला नाही, अध्यक्ष नेमला नाही. घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, कोणाचे जुने पत्र, जे जे म्हणून या घरात आपण राहतो हे सिद्ध करील, ते ते त्यांनी गोळा केले. शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतले. सकाळी भाकऱ्या बांधून घ्यायच्या, तान्हे मूल कडेवर घ्यायचे आणि डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जाऊन बसायचे. साहेब नाही म्हटले तर पुढची तारीख विचारून परत यायचे. ज्या बाईला तारखेला जमत नसे तिची मुले दुसरीने सांभाळायची. जिचा नवरा घाबरे त्याला आजी दारात उभी राहून एकच सांगे, "कागद नाय, तर घर नाय."

हे सगळे कागद ती एका पत्र्याच्या पेटीत ठेवी. त्या पेटीत आमच्या घराचे होते, तसे शेजारच्या चार घरांचेही होते. कारण त्या घरांची छपरे गळत आणि आजीच्या घरावर नळे होते. आमच्या घराचा निकाल लागून किंमत भरेपर्यंत वर्षे गेली. पण लागला. त्या दिवशी तिने देवापुढे नारळ ठेवला आणि तो आपल्या अंगणातल्या माडाचा होता, हे ती आम्हा नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगे.

आता मला सांगा, आमचे घर कोणी दिले? ताईंनी दिले, हे खरेच आहे. कायदा नसता तर आजीच्या पेटीतले कागद ही रद्दी होती. पण आजीसारख्या बाया नसत्या तर ताईंचा कायदा ही पणजीतली रद्दी झाली असती. कायदा राजपत्रात छापला जातो तेव्हा तो अर्धाच होतो. राजपत्रापासून दारापर्यंतची वाट कोणीतरी पायी चालावी लागते, आणि आमच्या तालुक्यांत ती पुष्कळदा पोरेबाळे कडेवर घेतलेल्या आयांनी चालली. सभेच्या फोटोत त्या नाहीत. त्यांच्या नावाने रस्ता नाही, चौक नाही.

स्त्री सार्वजनिक कामात पडली की "मग घर कोण पाहते?" असा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. हा प्रश्न गोव्यातल्या कितीतरी बायांना ऐकावा लागला असेल. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद घेऊन सुधाताई जोशी उभ्या राहिल्या आणि पोर्तुगीज पोलिसांच्या हाती सापडल्या. 'भारतीय संस्कृती कोशा'चे संपादक, सत्तरीतल्या आंबेड्याचे पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. पुण्यातला संसार आणि मुलेबाळे मागे ठेवून त्या आल्या होत्या. पुढली काही वर्षे त्यांची तुरुंगात गेली. त्यांनी घराकडे पाठ फिरवली असे कोण म्हणेल? उलट आपले घर ज्या मुलखात आहे तो मुलूखच परक्याच्या मुठीत असेल, तर घर सांभाळणे म्हणजे तरी काय? आजीचेही तेच होते. तिला घर आणि समाजकार्य यांची दोन खाती कधी करावीच लागली नाहीत. घर वाचवणे हेच तिचे समाजकार्य होते, आणि शेजारणीचे घर वाचल्याशिवाय आपले वाचत नाही, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. त्याप्रमाणे लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर सर्वसाधारणपणे पतिपत्नी दोघेही मालमत्तेचे समान भागीदार असतात. म्हणजे मुंडकाराच्या नावावर घर झाले तेव्हा त्याच्या बायकोचाही त्यात निम्मा वाटा उभा राहिला. ज्या बाईला काल मालकाच्या विहिरीवर पाणी भरण्यासाठी परवानगी लागे, ती आज एका घराची अर्धी धनीण झाली. देशातल्या पुष्कळ भागांत जमीन सुधारणा झाल्या, पण जमिनीचा कागद पुरुषाच्या नावाने निघाला आणि बाई होती तिथेच राहिली. आमच्याकडे हे दोन कायदे एकमेकांना भेटले, त्याचे मोल आपण पुरते ओळखलेले नाही.

ताईंचे सारेच गोड होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्याच कारकिर्दीत यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्यावरच्या रापणकारांच्या पोटावर पाय आणला आणि त्या गरिबांना आपली दाद लावण्यासाठी लांबलचक आंदोलन करावे लागले. १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मागितली, तेव्हा सरकारने त्यांच्याशी बोलण्यापेक्षा पोलिसांवर अधिक भिस्त ठेवली. मुंडकाराच्या आईचे दुःख ज्यांना कळले, त्यांना त्याच मुंडकाराचा मुलगा कॉलेजला जायला बसभाडे कोठून आणणार, हे कळायला हवे होते. २७ एप्रिल १९७९ रोजी त्यांचे सरकार पडले ते पक्षातल्या फुटीने. पण तरुण वर्ग त्याआधीच दुरावला होता. ताई म्हटले म्हणून हे झाकून ठेवायचे कारण नाही.

भाषेच्या बाबतीत त्यांच्यावर नेहमी एकांगीपणाचा आरोप झाला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्यांचा पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा होता, आणि पेडणे-डिचोलीचा कलही तोच होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. कौल मानला गेला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्यही झाला. पण १९९० साली शिक्षणमंत्री म्हणून ताईंनी जे धोरण आणले, ते केवळ मराठीचे नव्हते. मातृभाषेतून, म्हणजे मराठी वा कोकणीतून चालणाऱ्या प्राथमिक शाळांनाच सरकारी अनुदान, असे ते होते. मराठीचा कैवार घेणाऱ्या पक्षाच्या बाईंनी कोकणीला त्याच ओळीत बसवले, हे आजच्या भांडणांत कोणी आठवत नाही. हे धोरण पुढे सैल झाले, तेव्हा वयाच्या पंचाहत्तरीनंतरही त्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरल्या. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. मूल आधी आईच्या भाषेत शिकावे, हा त्यांचा आग्रह सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना तरी वेगळा समजावून सांगायला नको. मग ती आई मराठी बोलो की कन्नड.

आता प्रश्न उरतो तो आजचा. कायदा होऊन पन्नास वर्षे होत आली तरी मुंडकारांची आणि कुळांची प्रकरणे अजून मामलेदार कचेऱ्यांतून पडून आहेत. अर्ज करणारा आजोबा गेला, मुलगा म्हातारा झाला, आता नातवंडे तारखेला जातात. वारस वाढले, साक्षीदार उरले नाहीत. डिचोली तालुक्यातल्या मये गावाची तर कथाच वेगळी. तिथली जमीन निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात राहिली. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्यांना मुक्तीनंतर अर्धशतक आपल्याच घराचा धनी होता आले नाही; त्यासाठी २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला.

आणि पेडण्याकडे पाहावे तर चित्र उलटे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिथल्या जमिनीचा भाव माणसाला भोवळ आणणारा झाला आहे. कुळाला मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामी लावू नये, असा १९९१ चा कायदा आहे. पण दारात मोटार थांबते, दलाल उतरतो, आणि ज्या जमिनीसाठी आजी-आजोबांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या तिचा सौदा चहा निवायच्या आत होतो. कुळाने विकूच नये असे मी म्हणत नाही. आजारपण, लग्न, शिक्षण यांची गरज मी जाणतो. एवढेच म्हणतो की, जी वस्तू लढून मिळाली ती भावाच्या धुंदीत घालवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा विचारावे. कागदांच्या खाली तिची सही असते आणि निम्मा वाटाही असतो.

मित्रहो, ताईंचे पुतळे होतील, त्यांच्या नावाने सभागृहे होतील. व्हावीत. पण आपण शिकलेल्या मुलांनी त्यांचे स्मरण अधिक चांगल्या रीतीने करावे, असे मला सुचवायचे आहे. गोव्याहून इथे शिकायला आलेले आपण पुष्कळजण आहोत. सुटीत घरी गेलो की आपल्या वाड्यावरच्या कोणाचे प्रकरण अडले आहे ते विचारावे. अर्ज वाचता न येणाऱ्याला तो वाचून दाखवावा. तारखेला कोणी सोबत नसेल तर सोबत जावे. आपल्या आजीला, शेजारच्या मावशीला त्या दिवसांत काय झाले ते विचारून वहीत उतरवून ठेवावे, कारण या बाया गेल्या की त्यांच्याबरोबर आपल्या तालुक्यांचा अर्धा इतिहास जाईल.

आमची आजी आता नाही. पत्र्याची पेटी आईकडे आहे. शेजारच्या चार घरांपैकी तिघांचे कागद ज्याचे त्याला परत गेले. त्यांची कामे झाली. चौथ्या घराचे कागद अजून त्या पेटीतच आहेत आणि त्यांची पुढची तारीख लागली आहे. त्या तारखेला आई जाणार आहे.